टोपीवाल्याचा उजवा हात

आमच्या घरात चित्रं बाबांची, शाई दादाची, रंग वहिनीचे आणि अक्षरं माझी. कॉमिक वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी एकटाच बसून सगळं काढत असेल. तसं नसतं. आधी बाबा पेन्सिलीनं पान काढतात. मग ते माझ्या टेबलावर येतं, मी फुगे आखते आणि त्यांत संवाद लिहिते. त्यानंतर दादा शाई चढवतो. माझ्या आधी दादानं पान उचललं की आमचं भांडण ठरलेलं, कारण शाई झालेल्या पानावर फुगा बसवायचा म्हणजे कुणाचं तरी डोकं कापावं लागतं, आणि ते नेमकं दादाला आवडलेलं डोकं असतं.

आमचा नायक झंझावात. तो उडतो, पूल उचलतो आणि बोलतो फार. मला तो कधीच विशेष आवडला नाही. एखाद्याच्या पाठीवर अख्खी इमारत असताना तो इतकी मोठी वाक्यं कशी बोलू शकतो, हे मी आमच्या लेखकाला फोनवर अनेकदा विचारलं आहे. लेखक हसतो आणि पुढच्या अंकात आणखी मोठी वाक्यं पाठवतो.

माझा लाडका टोपीवाला. तो झंझावातचा गुप्तहेर. त्याला कसलीही शक्ती नाही. अंगात लांब कोट, डोक्यावर रुंद कडेची टोपी आणि टोपीखाली नुसती सावली. त्याचा चेहरा बाबांनी आजवर काढलेला नाही. संपादकांनी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला लोकांचे चेहरे घालायचे असतात. स्वतःचा मध्ये कशाला हवा?"

त्याचं काम तेच होतं. कुणी संकटात सापडलं, कुणाला पळवून नेलं, की टोपीवाला त्या माणसाच्या घरी त्याच्या जागी जाऊन बसायचा. त्याचे कपडे घालायचा, त्याच्या खुर्चीत बसायचा, त्याच्याच आवाजात बोलायचा. झंझावात खऱ्या माणसाला शोधून आणेपर्यंत घरच्यांना काही पत्ता लागायचा नाही, त्यांच्या जिवाला घोर लागायचा नाही. मग खरा माणूस आला की हा टोपी चढवून खिडकीतून निघून जायचा. जाताना टोपीच्या कडेला एक बोट लावायचा. तेवढाच त्याचा निरोप. टोपीत असताना तो कधी बोलत नसे. इतक्या वर्षांत मी त्याच्या नावाचा एकही फुगा आखलेला नव्हता.

मग वेषांतर केलेला टोपीवाला वाचकांनी ओळखायचा कसा? ही खरी गंमत. बाबा डावखुरे. त्यामुळे सुरुवातीला त्यांच्या चित्रांतली सगळी माणसं नकळत डावखुरी व्हायची. झंझावात डाव्या मुठीनं ठोसा मारायचा, पोस्टमन डाव्या हातानं पत्र द्यायचा. लोकांनी चेष्टा केली तेव्हा बाबांनी चुकीचाच नियम करून टाकला. आमच्या कॉमिकमध्ये सगळे डावखुरे, फक्त टोपीवाला उजव्या हाताचा. कुठल्याही वेषात असो, कप, छत्री, किल्ली तो उजव्या हातानं धरणार. गर्दीच्या चित्रात उजवा हात शोधत बसणारी मुलं आज मोठी झाली आहेत आणि आपल्या मुलांना तोच खेळ शिकवतात. बाबांचा हा हात कधी चुकला नाही.

*

एका सकाळी दाढी करताना बाबा आरशासमोरच कोसळले.

उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डावखुरे म्हणून कामाचा हात तेवढा राहिला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. बाबांना सगळं कळतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. हातात पेन दिलं तर अक्षरही येईना. 'क' काढायला सांगितला तर बाबांनी सुंदर कबूतर काढलं आणि मग ते स्वतःच रडले.

"बोलणं परत येईल का हो?" आईनं विचारलं.

"फार आशा धरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी तिथे आईला धीर दिला आणि जिन्यात येऊन रडून घेतलं. बाबा मला ठकू म्हणायचे. तेही सगळ्यांसमोर नाही. चारचौघांत मी "अगं ए" असायचे. रेखाटनाच्या टेबलाशी आम्ही दोघंच असलो की मान वर न करता म्हणायचे, "ठकू, इथे तीन ओळी बसतील का गं?" हा शब्द त्या टेबलापलीकडे कधी गेला नाही. आईलाही ठाऊक नव्हता. तो मला पुन्हा एकदा ऐकायचा होता. बाकी काही नाही मिळालं तरी चाललं असतं.

घरी आल्यावर बाबा थोड्याच दिवसांत टेबलाशी जाऊन बसले. वाचणं जमत नव्हतं, म्हणून मी लेखकानं पाठवलेली गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची आणि ते मान डोलवून काढायचे. लेखकानंही माणुसकी दाखवली. मारामाऱ्या कमी केल्या, गोष्ट घरातल्या घरात ठेवली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला शत्रूनं पळवून नेलंय, आणि टोपीवाला त्याच्या जागी घरात राहतोय. बस्स.

दुपारचा चहा मी न्यायची. कप त्यांच्या डाव्या हाताशी, कपाचा कान डावीकडे वळवलेला. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. तो आई मधूनमधून उचलून नीट ठेवायची, आणि प्रत्येक वेळी "असू दे हं" म्हणायची. कुणाला, ते कळायचं नाही.

*

आजारपणानंतरचं पहिलं पान माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर एक फुगा होता.

शेवटच्या चौकटीत टोपीवाला रस्त्यावर दिव्याच्या खांबाला टेकून उभा. त्याच्या डोक्यावर रिकामा फुगा, आणि फुग्याची शेपटी थेट टोपीखालच्या सावलीकडे. मला वाटलं, बाबांचा गोंधळ झाला. मी पान त्यांच्यापुढे धरलं.

"बाबा, हा बोलत नाही ना?"

त्यांनी पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जोरजोरात मान हलवली. मग स्वतःवर बोट ठेवून पुन्हा नकारार्थी हलवली. म्हणजे, 'मी नाही काढला.'

मी फुगा खोडायला घेतला. खोडताना माझं लक्ष गेलं आणि हात थांबला. फुग्याच्या खालच्या अंगाला किंचित चपटा भाग होता. फुगे आखायचा माझा प्लॅस्टिकचा साचा आहे, फार जुना. मी तो एकदा हीटरवर ठेवून विसरले होते, तेव्हापासून त्याचा लंबगोल खाली जरा दबलेला आहे. माझ्या सगळ्या फुग्यांना तो दबका भाग असतो. दादा म्हणतो, माझे फुगे जेवून बसल्यासारखे दिसतात.

"तूच काढलास," दादा म्हणाला. "दमलीयस. हातानं सवयीनं आखला आणि विसरलीस."

पटण्यासारखं होतं. मी स्वतःला पटवलंही.

दुसऱ्या पानावर पुन्हा फुगा. तिसऱ्यावर दोन. मी साचा वहिनीकडे दिला आणि म्हटलं, मागेन तेव्हाच दे. वहिनीनं तो तिच्या रंगांच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आता बघू कोण आखतंय," ती म्हणाली. तिला हे सगळं माझं नाटक वाटत होतं. पुढचं पान बाबांनी माझ्या डोळ्यांदेखत काढलं. मी तिथेच स्टुलावर बसून होते. पान पूर्ण झालं तेव्हा त्यावर फुगा नव्हता. मी ते माझ्या टेबलावर आणलं, टाक पुसला, शाईची बाटली उघडली. पुन्हा पाहिलं तर फुगा होता. खाली दबका.

वहिनीनं कपाट उघडून दाखवलं. साचा जागेवर होता. त्यानंतर ती माझ्या टेबलाशी एकटी येईनाशी झाली.

अक्षरं लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. रिकामा फुगा पाहिला की आत किती मजकूर बसेल ते डोळ्यांना आपोआप दिसतं. आधीचे फुगे एका शब्दाचे होते, मग एका ओळीचे झाले, मग दोन ओळींचे. कुणीतरी आधी घसा साफ करावा आणि हळूहळू बोलायची सवय करावी, तसं मला वाटलं.

आणि शेपट्या सरकायला लागल्या.

आधी त्या टोपीकडे जात होत्या. नंतर चौकटीच्या रेषेपर्यंत आल्या. मग चौकट ओलांडून कोऱ्या समासात. एका दुपारी बाबांसमोरच्या टेबलावर पान होतं आणि त्यातल्या सगळ्या शेपट्या कागदाच्या एकाच कडेकडे वळलेल्या होत्या. त्या कडेच्या पलीकडे बाबांची खुर्ची होती.

मी पान उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. काही झालं नाही. मला हसू आलं, बरंही वाटलं.

पुढच्या पानावर शेपट्या दुसऱ्या कडेला वळल्या होत्या. त्या दिवशी बाबा खिडकीपाशी बसले होते.

मला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर मला आशा वाटली. निरोप पोचवणं हेच हेराचं काम. बाबांच्या तोंडात अडकलेलं काही टोपीवाला पोचवायला बघत असेल, तर मी कोण त्याला अडवणार? मी फुगे खोडायचं बंद केलं. बाबांना मात्र ते दिसले की ते माझं मनगट घट्ट धरायचे आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करायचे. घशातून फक्त हवा यायची. त्या दिवसांत ते थकत चालले होते. जेवण कमी झालं होतं. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या आणि दारात दादाशी हळू आवाजात बोलल्या. दादा आत आला तो थेट शाईला बसला. त्याच्या रेषा त्या दिवशी कापत होत्या.

*

शेवटचं पान बाबांनी सावकाश काढलं.

मी वाचून दाखवलं होतं: खरा घड्याळवाला घरी परत आला आहे, आपल्या खुर्चीत बसून चहा पितो आहे, घरचे आनंदात आहेत. टोपीवाला खिडकीबाहेर उभा राहून टोपीला बोट लावतो आणि जातो. समाप्त.

बाबांनी ऐकलं. बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मग पेन्सिल घेतली.

पान सुरेख उतरलं होतं. खोलीत उबदार उजेड, बाहेर वारा, टोपीवाल्याचा कोट उडालेला. मी ते घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि मगच मला चूक दिसली. खुर्चीतल्या घड्याळवाल्यानं कप उजव्या हातात धरला होता. आणि खिडकीबाहेरच्या माणसानं टोपीच्या कडेला डाव्या हाताचं बोट लावलं होतं.

हात उलटे झाले होते. बाबांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

"आजारी माणूस आहे," दादा म्हणाला. "शाई करताना मी बदलून टाकतो. त्यांना सांगू नकोस."

"थांब जरा," मी म्हटलं. कारण खिडकीबाहेरच्या माणसाच्या डोक्यावर एक छोटा फुगा होता. पानावर तेवढा एकच. दोन अक्षरांपुरता.

तेवढ्यात आतून आईची किंकाळी आली.

आम्ही धावलो. मला वाटलं, संपलं सगळं. आई दारात तोंडावर हात ठेवून उभी होती. बाबा खुर्चीत ताठ बसले होते आणि तिच्याकडे बघत होते.

"घाबरलीस का?" बाबा म्हणाले. "पाणी दे ना जरा."

*

त्यानंतरचे दिवस घरात नुसता आनंद होता. शेजारी येऊन बघून जात होते. डॉक्टरीणबाईंनी बाबांकडून शंभरापर्यंत आकडे म्हणवून घेतले, उजवा हात वर करायला लावला आणि म्हणाल्या, "असं क्वचित होतं. पण होतं." हो, उजवा हातही सुटला होता. बाबा सगळं बोलायचे, सगळ्यांची चौकशी करायचे, जुने विनोद जिथल्या तिथे सांगायचे. दादाला "गाढवा" म्हणाले तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि माझं ऐकतात सुद्धा!" आई वहिनीला सांगत होती. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा." ती इतकी हसत होती की मला तिच्याकडे बघवेना.

चित्रं मात्र त्यांनी सोडली. "पुरे झालं आता," म्हणाले. दिवसभर खुर्चीत बसून आमच्याकडे बघायचे. कुणी उठलं की डोळे त्याच्या मागे जायचे. प्रेमानंच. कुणाला काय हवं नको ते आधीच ओळखायचे.

मला ते "बाळा" म्हणायचे.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आई आणि वहिनी बाजारात, दादा छापखान्यात. मी चहा घेऊन गेले. नेहमीसारखा कप डाव्या हाताशी ठेवला, कान डावीकडे. त्यांनी माझ्याकडे बघत उजवा हात अंगावरून आडवा नेला, कप फिरवून घेतला आणि उचलला. एक थेंब सांडला नाही.

मी उभीच राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "टेबलाशी बसलो की मला काय म्हणायचा तुम्ही?"

चेहरा बाबांचाच होता, कपाळावरच्या आठ्यांसकट. त्यावर राग नव्हता, लबाडी तर मुळीच नव्हती. एखाद्या भल्या माणसाला रस्ता विचारावा आणि तो त्याला ठाऊक नसावा, तसं काहीतरी होतं.

"ते मला नाही माहीत, बाळा," ते हळूच म्हणाले.

कप खाली ठेवला.

बाहेर फाटक वाजलं. आई आली होती, वहिनीशी मोठमोठ्यानं बोलत, कशावर तरी खळखळून हसत.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि उजव्या हाताचं एक बोट कपाळाच्या कडेला, जिथे टोपीची कड येते तिथे, अलगद लावलं.

मी आईला काही सांगितलं नाही.

मी माझ्या टेबलाशी गेले. शेवटचं पान अजून तिथेच होतं. मी दादाला हात बदलू दिले नव्हते. खिडकीबाहेर वाऱ्यात तो उभा होता, डाव्या हाताचा. चेहऱ्यावर नुसती सावली. फुगा रिकामा, खाली दबका. मी टाक बुडवला. आयुष्यात इतकी सुबक अक्षरं मी काढली नसतील, आणि इतकं ढसाढसा रडत तर नाहीच.

ठकू.

शाई लगेच वाळली.

"टोपीवाला बोलला?" पान बघून दादा ओरडला. "वाचक जीव घेतील आपला! आणि ठकू कोण?"

"असेल कुणीतरी," मी म्हटलं. "तू शाई चढव. खिडकीबाहेर वारा जरा कमी दाखव."

गोष्टीत झंझावात खऱ्या माणसाला शोधून आणतो. आमच्या घरात झंझावात नाही. आई रात्री शांत झोपते, दादाच्या रेषा पुन्हा सरळ येतात, आणि खुर्चीतला माणूस आमच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. त्यानं आजवर एकाही घराला दगा दिलेला नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? दुपारी मी त्याला चहा नेऊन देते. कप उजव्या हाताशी ठेवते, कान उजवीकडे वळवून.